काचेवरची टकटक

सुरीबाईला कधी कुणी घाबरत नसे. दिवसभर हातात सुरी असलेल्या बाईबद्दल हे सांगावं लागतं यात गंमत आहे, पण होतं तसं. मत्स्यालयाच्या मागच्या अंगाला माशांचं स्वयंपाकघर होतं. तिथं ती सकाळी सातपासून कोळंबी सोलायची, शिंपले फोडायची, आणि ज्याचं तोंड जेवढं तेवढे तुकडे करून डब्यांत भरायची. डब्यांवर टाक्यांचे नंबर. तिला स्वतःचं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत झोपलेलं असे. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे सुरीबाईच म्हणत आणि तीही निमूट ओ देई.

तिचा नवरा त्याच मत्स्यालयात टाक्या सांभाळायचा. त्याला सगळे टाकीवाले म्हणत, आणि त्याला मात्र घाबरत. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता तो. तसा असता तर बरं झालं असतं, आरडाओरडा निदान संपतो तरी. हा हळू बोलायचा. जेवायला बसला की अनामिकेच्या नखानं टेबलावर दोनदा टकटक करायचा. तेवढ्यात पाणी आलं पाहिजे, मीठ आलं पाहिजे, नाहीतर चाललेलं बोलणं थांबलं पाहिजे. कुठल्या टकटकीचा काय अर्थ ते घरातल्या तिघींना तोंडपाठ होतं. "ताटात काही टाकायचं नाही," एवढंच तो म्हणायचा आणि धाकटीच्या घशाखाली घास उतरेनासा व्हायचा. हात त्यानं कधी उगारला नाही. कुणाला सांगायला जावं तर लोक विचारणार, मग तक्रार कसली? म्हणून सुरीबाईनं कधी कुणाला सांगितलं नाही.

किल्ल्यांचा भला मोठा जुडगा त्याच्या कमरेला असे. जिना चढताना तो वाजायचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतलं हसणं जागच्या जागी थांबायचं. हसणं बहुतेक वेळा त्याच्याच नकलेवर चाललेलं असे. थोरली वीस वर्षांची, बापाच्या वळणावर गेलेली. तेच रुंद कपाळ, तेच घट्ट मिटलेले ओठ. ती त्याच्या खुर्चीत रेलून बसायची, नखानं टकटक करायची, आवाज पार खाली आणून म्हणायची, "ताटात काही टाकायचं नाही." बारा वर्षांची धाकटी पोट धरून जमिनीवर लोळायची. "पुरे गं बायांनो, येतील ते," असं म्हणत सुरीबाई स्वतःच तोंडावर हात दाबून धरायची. त्या घरात सुख म्हणून जे काही होतं ते हेच.

सात नंबरची टाकी टाकीवाल्यांच्या खास मर्जीतली. तिच्यात रॅस जातीचे सात मासे होते. या रॅसांचं घराणं मोठं वल्ली आहे. एक भाऊबंद कपाळावर टेंगूळ घेऊन माणसाएवढा वाढतो. एक बोटभर लांबीचा, निळ्या पट्ट्याचा, दुसऱ्या माशांचे दात कोरून पोट भरतो. काही झोपताना अंगाभोवती स्वतःच्याच लाळेची पिशवी विणतात, आणि बाकीचे कितीतरी झोप आली की सरळ वाळूत घुसतात. सात नंबरमधले या शेवटच्या प्रकारातले. सहा माद्या पिवळट, अंगावर एकेक काळा ठिपका, आणि एकच नर. तो हिरवाकंच, तोंडावर गुलाबी रेघा, शेपटीवर निळी झाक. त्याला सगळे सरदार म्हणत.

'काचेवर टकटक करू नये' अशी पाटी टाकीवाल्यांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती. आणि रोज दुपारी बरोबर चारला ते स्वतःच काचेच्या डाव्या कोपऱ्यावर नखानं दोनदा टकटक करायचे. सरदार असेल तिथून येऊन समोर उभा राहायचा. मागे अंतर ठेवून सहाजणी. सुरीबाई डबे धुता धुता दारातून ते पाहायची आणि का कोण जाणे, तिची मान खाली जायची.

एका सकाळी अकराच्या सुमाराला टाकीवाले सात नंबरवरच्या फळीवर ओणवे झाले होते, ते तिथंच छातीला हात लावून कलंडले. पंपवाले काका धावले, त्यांनी आणि आणखी दोघांनी उचलून खाली घेतलं, पण माणूस गेलेला होता. उचलताना कमरेचा जुडगा सुटला आणि टाकीत पडला. पंपवाले काका पुढे सांगायचे की सरदार त्या किल्ल्यांमागोमाग तळापर्यंत गेला आणि त्या वाळूत बुडाल्या तिथं बराच वेळ घुटमळत राहिला. काकांना गोष्टीला फोडणी घालायची सवय होती. पण हे सांगताना ते हसायचे नाहीत.

सुरीबाई रडली. खोटं रडली नाही. बावीस वर्षांची सवय होती. पण आठ दिवसांनी ती बाजारातून आली आणि जिन्यातच तिला वरचं हसणं ऐकू आलं. ती दारापर्यंत पोचली, आत गेली, तरी ते थांबलं नाही. तेव्हा तिला जे वाटलं ते सुटका झाल्याचं वाटणं होतं. तिला त्याची लाजही वाटली आणि आनंदही झाला. आता या घरात कुणी कुणाला घाबरायचं नाही, असं तिनं चूल पुसता पुसता मनाशी ठरवून टाकलं. तिला आयुष्याकडून याहून जास्त काही नको होतं.

महिन्याभरानं साहेबांनी तिला बोलावलं. टाक्यांचं काम तिनं जितकं पाहिलं होतं तितकं कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा तिनंच ते करावं. "किल्ल्या तेवढ्या काढून घ्या," साहेब म्हणाले. "आता तुमच्याच त्या."

पहिल्या दिवशी ती साडेसहालाच आली. नवऱ्याच्या किल्ल्या पाण्यातून काढताना चार लोकांनी पाहावं हे तिला नको होतं. टाकीवरचे दिवे आठला लागायचे. अर्धवट अंधारात तिनं लांब दांड्याचं दाताळं आत सोडलं आणि वाळू ओढायला लागली. दिवे लागून मासे वर आल्याशिवाय वाळूला हात लावायचा नाही, हा टाकीवाल्यांचा नियम होता. घरी जेवताना तिनं तो शंभरदा ऐकला होता. त्या सकाळी तो तिला आठवला नव्हता, की आठवूनही तिनं दाताळं ओढलं, हे तिला पुढे कधी ठरवता आलं नाही. एकदा दाताळ्याचे दात कशात तरी मऊ रुतले. ती थांबली. मग दुसऱ्या खेपेला किल्ल्या वर आल्या, हिरवट पडलेल्या, पण शाबूत.

आठला दिवे लागले. वाळूतून एकेक पिवळी मादी वर आली. सहा झाल्या. सरदार आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला एका दगडामागे सापडला, कल्ल्याजवळ तीन भोकं पडलेला. रंग पार उडाला होता. तिनं तो कागदात गुंडाळून कोळंबीच्या सालांत टाकून दिला आणि माशांच्या डॉक्टरांना सांगितलं, "झाकण उघडं राहिलं वाटतं. उडी मारली असेल." रॅस उड्या मारतातच, त्यामुळे डॉक्टरांनी मान डोलावली. खरं काय ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याच्या किल्ल्या काढताना आपण सरदाराला मारलं, एवढं सरळ वाक्य होतं, पण ते तोंडातून निघेना.

"आता मोठीकडे बघा, वहिनी," पंपवाले काका म्हणाले. सहाजणींत मापानं जी सगळ्यांत मोठी तिला ते मोठी म्हणायचे. "सरदार गेला की ती सरदार होते."

"म्हणजे त्याच्यासारखी वागते?"

"वागायला तर आजच लागेल. मग रंग बदलेल. मग आतून सगळीच बदलते. बाई होती हे सांगून कुणाला पटणार नाही."

"काहीतरीच तुमचं!"

"डॉक्टरांना विचारा. मी पंपाशिवाय कशाची खात्री देत नाही, पण याची देतो."

त्या दुपारी मोठी टाकीभर येरझारा घालायला लागली. बाकीच्या पाचजणी तिच्या वाटेतून बाजूला होत होत्या. आठवड्याभरात तिचा काळा ठिपका विरला. पंधरवड्यानं तोंडावर गुलाबी रेघा फुटल्या. सुरीबाई काच पुसताना थांबून पाहत राही. रोज थोडं थोडं, कुणी आतून दिवा लावत असल्यासारखं, मोठीच्या कातडीखालून ते हिरवं वर येत होतं.

इकडे सुरीबाईच्या पायात टाकीवाल्यांचे रबरी बूट आले. नवीन मिळेपर्यंत म्हणून तिनं बोटांपुढे वर्तमानपत्र कोंबून ते घातले होते. नवीन आले ते पेटीतच राहिले. जुडगा कमरेला लागला. घरी ती खुर्ची रिकामी बरी दिसेना, आणि दिवसभर फळीवर उभं राहून पाठ दुखायची, म्हणून ती खुर्चीत बसायला लागली. यात काय वावगं आहे? काहीच नाही. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण अगदी पटण्यासारखं होतं.

एका दुपारी चारला ती मोठीला न्याहाळत होती. मोठी येऊन डाव्या कोपऱ्यात उभी राहिली, मागे अंतर ठेवून पाचजणी. तेव्हा सुरीबाईच्या लक्षात आलं की आपण आत्ताच काचेवर टकटक केली. दोनदा. अनामिकेच्या नखानं. ती अंगठ्यानं आणि तर्जनीनं सुरी धरणारी बाई. त्या बोटानं तिनं जन्मात काही केलेलं नव्हतं. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं ते सोडवायला तोंड उघडलं, तर समोर मोठीनंही तोंड उघडलं.

"तो निळ्या पट्ट्याचा आहे ना, दात कोरणारा," मागून पंपवाले काका म्हणाले. "त्याला म्हणे आरशात आपलं तोंड ओळखता येतं. आपल्यात किती जणांना येतं देव जाणे."

"तुमचे पंप बघा," सुरीबाई म्हणाली. हळू आवाजात म्हणाली. काका निघून गेले, आणि पुढे दोन दिवस चहाला आले नाहीत.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी ती जिना चढत होती. वर दोघी खिदळत होत्या. तिलाही हसू आलं, आज काय निघालंय म्हणून तिनं पावलं उचलली, आणि कमरेचा जुडगा खणखणला. वरचं हसणं थांबलं.

ती पायरीवर उभी राहिली. तिनं किल्ल्या मुठीत धरल्या, पण उशीर झाला होता. आत गेली तर धाकटी टेबल पुसत होती आणि थोरली खिडकीपाशी उभी होती.

"कशाला हसत होतात?"

"काही नाही."

हेच 'काही नाही' दोघी बापाला द्यायच्या. शब्द तेच, सूर तोच, मान तेवढीच खाली.

"नक्कल चालली होती ना? मग सांगा की. कुणाची?"

"बाबांची," थोरली चटकन म्हणाली.

धाकटीला खोटं बोलायची कला नव्हती. तिनं फडकं पिळत पिळत म्हटलं, "तुझी."

"माझी? करून दाखव."

थोरली नको नको म्हणत होती. सुरीबाईनं हट्टच धरला, हसत हसत धरला. शेवटी थोरलीनं टेबलावर नखानं दोनदा टकटक केली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "ताटात काही टाकायचं नाही." ती नक्कल एका केसानंही बदललेली नव्हती. आपण हे वाक्य कधी बोललो ते सुरीबाईला आठवेना, आणि धाकटीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आपण ते रोज बोलतो.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिला नवऱ्याची भीती वाटत नव्हती, भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. तिला भीती एवढीच वाटत होती की धाकटी आपल्याला घाबरते. आणि बावीस वर्षं दुसऱ्याच्या सावलीत काढून, ती सावली गेल्यावर, आपणच जाऊन त्या जागी उभे राहिलो.

सकाळी सात नंबरमध्ये सगळ्यांत लहान मादी वाळूतून वरच आली नाही. दुपारी तिनं डोकं बाहेर काढलं. जीव होता, पण शेपटी कुरतडून झाली होती. मोठी वरून फिरत होती, पूर्ण हिरवी, गुलाबी रेघांची, सरदाराहूनही देखणी. सुरीबाईनं जाळी आणली. मोठी सहज हाती लागली नाही, अर्धा तास झुंजली. शेवटी तिला बादलीत घेऊन सुरीबाईनं मागच्या खोलीतल्या रिकाम्या टाकीत सोडलं आणि वर काळं कापड टाकलं.

"आता त्या पाचजणी सुखानं राहतील," ती म्हणाली.

पंपवाले काका दारात उभे होते. "वहिनी, मोठी काढलीत खरी. पण त्या पाचांत आता कुणीतरी मापानं मोठी असेलच की."

"असू दे. प्रत्येकीला काय वेड लागत नाही."

तिनं कमरेचा जुडगा सोडला आणि दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवला. आजपासून किल्ल्या इथंच राहतील, घरी न्यायच्या नाहीत. बूट काढून खिळ्याखाली ठेवले, त्यांतली वर्तमानपत्रं कचऱ्यात टाकली आणि आपल्या जुन्या चपला पायात सरकवल्या. किती हलकं वाटलं! उद्या साहेबांना सांगायचं, मला माझी सुरी परत द्या. घरी गेल्यावर त्या खुर्चीत बसायचं नाही. पोरींबरोबर जमिनीवर बसायचं, आणि थोरलीला म्हणायचं, कर माझी नक्कल, कर हवी तेवढी.

निघताना ती सात नंबरवरून गेली. चार वाजले होते. कुणीही टकटक केली नव्हती. तरी काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक पिवळी मादी येऊन उभी होती, आणि तिच्या मागे, अंतर ठेवून, बाकीच्या होत्या. सुरीबाईनं त्या बाजूला पाहिलंच नाही असं केलं आणि ती भराभर बाहेर पडली.

घराच्या जिन्याशी तिनं चपलाही काढून हातात घेतल्या. आज कुठलाही आवाज होऊ द्यायचा नव्हता. हसणं चालू असताना, ते न थांबता, तिला त्यात जाऊन बसायचं होतं. एक मजला. दुसरा. गार फरशीवर तिची पावलं तिची तिलासुद्धा ऐकू येत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर दार लोटलेलं होतं, आणि आतून आवाज आला.

टकटक.

मग थोरलीचा आवाज, पार खाली आणलेला. "ताटात काही टाकायचं नाही."

सुरीबाईला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. नक्कल चालू होती! कालच्या प्रकारानंतरही पोरींनी ती सोडली नव्हती. ती दाराला कान लावून धाकटीच्या हसण्याची वाट पाहत राहिली. आता ती खुदकन हसेल, मग खुर्चीवरून घसरेल, मग लोळेल.

आत चमचा ताटाला लागला. कुणीतरी मोठ्या कष्टानं घास गिळला.

पुन्हा टकटक.

सुरीबाईनं दार ढकललं. धाकटी ताटावर वाकली होती, गालात घास, गालांवरून पाणी. समोर त्याच्या खुर्चीत थोरली बसली होती, ताठ, ओठ घट्ट मिटून. तिनं आईकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खोडकरपणाचा मागमूस नव्हता. ती स्वतःच भेदरली होती.

"आई," ती म्हणाली, "मी गंमत म्हणून बसले होते गं. तुझी वाट बघत होतो आम्ही. चार वाजले, आणि मग... मग थांबताच येईना."

सुरीबाईच्या हातातल्या चपला खाली पडल्या. ती धावत गेली, थोरलीचं डोकं एका हातानं पोटाशी घेतलं आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचा तिचा हात उचलून त्यातली अनामिका मुठीत घट्ट आवळली, लहानपणी रस्ता ओलांडताना आवळायची तशी. "काही नाही, काही नाही, मी आहे ना," ती पुटपुटत राहिली. धाकटी दोघींकडे टक लावून पाहत होती. थोरली हळूहळू सैल पडली, तिचा श्वास संथ झाला.

आणि मुठीत ते बोट हललं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.